सुरतेच्या कोर्टापासून डिंडोलीच्या मांडवापर्यंत

(डिंडोली, सुरत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

१८८१ साली सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. विधवापणी तिला दिवस गेले, मूल झालं आणि अब्रू जाईल या धास्तीने तिने ते मारलं, असा आरोप शाबीत झाला होता. अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे तीही कमी झाली. दरम्यान वर्तमानपत्रांत धुरळा उडाला. ‘पुणे वैभव’ने तर या एका बाईच्या निमित्ताने समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेऊन टाकलं.

ते वाचून बुलढाण्यात एक बाई भडकली. ताराबाई शिंदे तिचं नाव. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. चार भावांत एकटी बहीण. घरी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकलेली. नवरा घरजावई, मूलबाळ नाही. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तिची ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली गेली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लोकांनी तिच्यावर इतकी चिखलफेक केली की बाईने पुन्हा पुस्तक म्हणून काही लिहिलं नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ‘चिरंजीविनी’ म्हणून तिची पाठराखण केली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा मराठी वाचकाला कळलं की आपल्या भाषेत असं काही लिहिलं गेलं होतं.

आज डिंडोलीतल्या किती घरांचं मूळ गाव जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा बुलढाण्याकडे आहे, हे इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही. तापी खोऱ्यातल्या उधना–जळगाव रेल्वेने, नवापूरच्या रस्त्याने लोक कामाला सुरतेत आले आणि लूमवर, डाइंग मिलमध्ये, मार्केटात लागले. ताराबाईंचा संताप मात्र त्याच वाटेच्या उलट दिशेने आला होता: गुन्हा सुरतेत घडला आणि त्याचा जाब बुलढाण्याने मागितला. स्त्री कोण, पुरुष कोण, कुणी कुणाची इच्छा धरावी आणि त्याचे पैसे कुणी मोजावेत, हे कोण ठरवतं, याची चर्चा सुरतेतच करायची तर या खटल्याइतकी योग्य सुरुवात दुसरी नाही.

आधी कायदा पाहू. १८६० च्या दंडसंहितेत ४९७ वं कलम होतं, व्यभिचाराचं. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. बाई गुन्हेगार नाही, कारण तिला मन असतं हे कलमाला मान्यच नव्हतं. फिर्याद करायची ती नवऱ्याने, कारण नुकसान त्याचं. आता यात विधवा कुठे बसते? कुठेच नाही. तिला नवरा नाही, म्हणजे नुकसान सोसणारा मालक नाही, म्हणजे तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाचा गुन्हाही नाही. मुलाच्या बापाला धरावं असं कलमच दंडसंहितेत नव्हतं. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीत एकाला फाशी आणि दुसऱ्याला मोकळं रान, हे कुठल्या एका न्यायाधीशाच्या लहरीने झालं नव्हतं, ते कायद्याच्या बांधणीतच होतं. ताराबाईंचा मुद्दा नेमका हाच होता: दोष वाटायची वेळ आली की तो सगळा बाईच्या पदरात कसा पडतो? हे ४९७ वं कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी. तोवर १५८ वर्षं झाली होती.

विजयालक्ष्मी एकटी नव्हती. पुण्यात फुल्यांच्या ओळखीच्या घरात स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेनेही असंच मूल मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला धाडलं गेलं. त्यानंतर १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्याचं जोतीरावांनीच लिहून ठेवलंय. त्या काळच्या बहुतेक सुधारकांनी विधवेला एकच प्रश्न विचारला: तू घसरलीस कशी? फुल्यांच्या दारात हा प्रश्न विचारला जात नव्हता. या एका गोष्टीसाठी ते घर बाकी सगळ्या सुधारणेहून वेगळं ठरतं.

आता एक गंमत अशी की ज्या काळात ब्राह्मण विधवेचं केशवपन होत होतं, त्याच काळात खानदेशातल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत होता. तेच गाव, तोच पाऊस, विहीर तेवढी वेगळी. एका आळीत नवरा मेलेल्या बाईला आरशात पाहायची बंदी, दुसऱ्या आळीत वर्षभरात नवा नवरा. बाईचं शरीर दोन्हीकडे सारखंच. मग इच्छा एकीला ‘पाप’ आणि दुसरीला ‘रीत’ का झाली? कारण दुसऱ्या आळीत तिचे हात शेतात लागत होते. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, गुरं. कामाची बाई घरात रिकामी बसवून ठेवणं कुणब्याला परवडत नव्हतं. पण पाटाला लग्नाचा मान नव्हता, हेही तितकंच खरं. तो रात्री, अंधारात, वाजंत्रीशिवाय लागायचा. सुवासिनींनी तिथे थांबू नये असा संकेत होता. म्हणजे मुभा होती, पण मागल्या दाराची.

आणि जात जसजशी वर चढू पाहते तसतसं हे मागलं दारही बंद होतं. चार पैसे आले, पाटीलकी आली, की पहिली गोष्ट कोणती होते? ‘आमच्यात पाट लागत नाही’ असं सांगितलं जातं. ताराबाई स्वतः मराठा. आपल्या जातीतल्या वरच्या घरांनी ब्राह्मणांचं पाहून विधवांचं लग्न बंद केलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घराण्याची प्रतिष्ठा मोजायला बायकांची बंधनं हे माप तेव्हाही होतं, आजही आहे.

या साऱ्यात सरकारचा कायदाही बाजूला राहिला नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाची परवानगी दिली, पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरला हक्क काढून घेतला. हे झालं ज्यांच्यात पुनर्विवाह नव्हता त्यांच्यासाठी. पण १८९६ साली ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या जातींत पाट पूर्वीपासून चालत आलाय, त्यांच्या विधवांनाही हाच नियम लागू. सुधारणेच्या कायद्याने कुणाला तरी काहीतरी दिलं असेल. कुणब्याच्या विधवेचं मात्र शेत घेतलं.

सुरतेत या काळात सुधारकांची वानवा नव्हती. कवी नर्मद इथलाच. त्याने विधवाविवाहासाठी भांडण घेतलं आणि स्वतः विधवेशी लग्नही केलं. १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं लिहून सगळ्या देशात वाद उठवणारे बेहरामजी मलबारी लहानपणी सुरतेत वाढले. तरी या शहराशी ज्या नावाचं नातं सर्वांत खोल आणि सर्वांत कमी सांगितलं जातं, ते नाव आहे डॉ. रखमाबाई.

रखमाबाई मुंबईची, सुतार जातीची. आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाली आणि तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुन्हा लग्न केलं. सुतारांत ती रीत होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. रखमाबाईचं लग्न मात्र वयाच्या अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लागलं. मोठी झाल्यावर ती नांदायला गेली नाही. दादाजीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला: जी बाई कधी नवऱ्याकडे नांदलीच नाही, तिला बळजबरीने त्याच्याकडे पाठवता येणार नाही. अपिलानंतर वारं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. ‘केसरी’ने तिच्याविरुद्ध आघाडी उघडली होती. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती लंडनला डॉक्टर व्हायला गेली.

१८९५ च्या सुमारास ती सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाली आणि दोन दशकांहून जास्त काळ राहिली. सुरुवातीला बाळंतपणाला इस्पितळात यायची बायकांना भीती. सांगतात ते असं की रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून ठेवली. शेळी सुखरूप व्याली, आजूबाजूच्या बायकांनी पाहिलं, मग एकेक जण येऊ लागली. प्लेगच्या साथीतल्या कामाबद्दल तिला कैसर-इ-हिंद पदक मिळालं.

आणि १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा सुरतेतल्या या डॉक्टरीणबाईने पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली.

ज्या नवऱ्याला ती कधी नवरा मानत नव्हती, ज्याच्याकडे नांदण्यापेक्षा तुरुंग पत्करायला तयार झाली होती, त्याच्या मरणाने तिने वैधव्य घेतलं. या गोष्टीचा अर्थ लावताना अभ्यासक चाचरतात. कुणी म्हणतं, बाईमाणूस म्हणून रोग्यांच्या घरांत शिरायचं तर विधवेचा वेश सोयीचा. कुणी म्हणतं, इतक्या वर्षांची जखम. दोन्ही शक्य आहे. पण एवढं नक्की दिसतं: समाज बाहेरून हुकूम देतो आणि माणूस तो पाळतो किंवा मोडतो, इतकं हे सरळ नसतं. ज्या बाईने साम्राज्याच्या कोर्टाला नकार दिला, तिच्या अंगातही पांढऱ्या लुगड्याचा हुकूम कुठेतरी घर करून होता. इच्छा घडते ती इतकी आत.

इथे आणखी एक मराठी माणूस बोलावावा लागतो. रघुनाथ धोंडो कर्वे. वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं आणि त्यासाठी मुरूडच्या लोकांचा बहिष्कार सोसला. विधवेला लग्न मिळालं पाहिजे, शिक्षण मिळालं पाहिजे, इथपर्यंत वडिलांची वाट. मुलगा एक पाऊल पुढे गेला आणि लग्नाच्या बाहेरचा, सगळ्यांनी टाळलेला प्रश्न त्याने विचारला: बाईला कामसुख हवं असतं की नाही, आणि असेल तर तो तिचा हक्क आहे की नाही? गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. मासिक तोट्यात चाललं, पण मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चाललं. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखासाठी खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला झाला तो ‘समाजस्वास्थ्य’च्या गुजराती अंकावर. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल पत्रातून शंका विचारल्या, कर्व्यांनी उत्तरं दिली, आणि अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला. बचावाला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड भरावा लागला.

गुजरातीत असे प्रश्न १९३३ साली कुणीतरी लिहून पाठवत होतं, यालाच महत्त्व आहे. ‘हे सगळं आत्ताचं, मोबाइलने आणलेलं खूळ’ असं जे म्हणतात, त्यांनी तो अंक आठवावा.

समाज इच्छेला मारत नाही. तो ती रेशन कार्डासारखी वाटून देतो. कुणाला पिवळं, कुणाला केशरी, कुणाचं नाव यादीतच नाही. वाटपाचे नियम जात, जमीन, मजुरी आणि कायदा मिळून ठरवतात, आणि माणूस पुढे ते नियम आपलेच म्हणून जगू लागतो.

आता डिंडोलीकडे या. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ७८७ बायका होत्या. हा आकडा ऐकून लगेच गर्भपाताकडे बोट दाखवलं जातं, पण ते अर्धंच खरं. सुरतेच्या लूमवर बारा-बारा तासांच्या पाळीत काम करणारे ओडिशातल्या गंजामचे, उत्तर प्रदेशचे, खानदेशातले पुरुष बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत आळीपाळीने झोपतात. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच गादीवर. त्यांच्या इच्छेचा विचार गिरणीमालक करत नाही, महापालिका करत नाही, घरचे तर अजिबात नाही. महिन्याला पैसे आले म्हणजे झालं. पुरुषाला सगळी मोकळीक असते, हे ताराबाईंचं म्हणणं त्यांच्या वर्गापुरतं खरं होतं. लूमवरच्या पोराला ते नेमकं लागू पडत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते मोबाइलचं स्क्रीन आणि वर्षातून एक गावाकडची अक्षय्यतृतीया.

गर्भातल्या मुलीचा खरा हिशेब सहा वर्षांखालच्या मुलांच्या आकड्यात आहे. सुरत जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८३५ मुली. आणि ‘इथे येऊन बिघडलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी: जळगाव जिल्ह्यात ८४२. कानबाईला रोट करणारा, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकीला माहेरी आणून झोका बांधणारा आपला खानदेश आणि सुरत यांत सातचा फरक.

बायकांची गोष्ट वेगळी. साडीला स्टोन चिकटवणं, धागे कापणं, लेस लावणं, हे काम डिंडोलीतल्या घरोघरी येतं. नगावर पैसे. पलंगावर साडी पसरलेली, बाजूला गोंदाची बाटली, पायाशी पोरगं, टीव्हीवर मालिका. सासू खूश, कारण सून कमावते आणि घराबाहेरही पडत नाही. मुलगी पाहायला आलेले विचारतात, ‘घरी काम करते ना?’ त्या प्रश्नात तिच्या मजुरीची चौकशी आहे आणि तिच्या पावलांचीही. शेतात बाईचे हात लागत होते म्हणून पाटाची मुभा होती. इथे मजुरी घरातच बसून होते, म्हणून उंबरठा उलट उंच झाला.

तरी उंबरठा ओलांडला जातोच. मग पळून गेलेल्या जोडप्याची पोलीस ठाण्यात फिर्याद. जुलै २०२३ मध्ये मेहसाण्यात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी जाहीर सांगितलं की प्रेमविवाहाला आईवडिलांची संमती घटनेत बसवून आवश्यक करता येईल का, याचा अभ्यास करू. मागणी पाटीदार समाजातून आली होती. टाळ्या मात्र सगळ्या समाजांतून वाजल्या, आपल्यातूनही. अठरा वर्षांच्या मुलीला मत देता येतं, कर्ज काढता येतं, फक्त नवरा निवडण्यापुरती ती अज्ञान! रखमाबाई अकराव्या वर्षी न दिलेल्या संमतीसाठी कोर्टात उभी होती. आता सज्ञान माणसाची संमतीही पुरेशी नाही म्हणायचं.

आणि दादाजीने लावलेला तो दावा? तो अजून लावता येतो. दांपत्यहक्कांची पुनःस्थापना. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेली ही कल्पना इंग्लंडने १९७० साली मोडीत काढली. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात ती जिवंत आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा उभी केली. २०१९ साली गांधीनगरच्या विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं.

स्त्री कोण, हा प्रश्नही कोर्टात गेला तो खानदेशातूनच. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीला स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं, तिने आपली ओळख स्त्री म्हणून निवडली आहे, अर्ज घ्या. अर्ज घेतला गेला आणि अंजली निवडून आली. उधन्याच्या गाडीत टाळी वाजवणाऱ्यांकडे मान फिरवणाऱ्या आपल्या लोकांनी, गावाकडे मात्र मत दिलं. याचं श्रेय कोर्टाला द्यावं की भादलीच्या मतदारांना, यावर मतभेद होऊ शकतात. माझं मत मतदारांना.

उपदेशाने यातलं काही बदलत नाही, पण ठरावाने थोडं बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. दोन आठवड्यांत महाराष्ट्र सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. डिंडोलीत ग्रामसभा नाही, पण सोसायट्या आहेत, समाजमंडळं आहेत, वधू-वर मेळावे आहेत, कानबाईची मिरवणूक आहे. तेवढं पुरेसं आहे.

म्हणून या व्याख्यानाच्या श्रोत्यांकडे तीन मागण्या. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात ‘सर्व महिलांना’ असं छापा आणि विधवा बाईच्या हातीही वाण द्या. मेळाव्यातल्या मुलींच्या फॉर्ममध्ये ‘विधवा’, ‘घटस्फोटित’ असे रकाने आहेत, तसे मुलग्यांच्या फॉर्ममध्येही तितक्याच ठळक अक्षरात घाला. आणि महापालिकेच्या मराठी शाळांत, मंडळांच्या कपाटांत ‘स्त्री-पुरुष तुलना’ची एकेक प्रत आणून ठेवा. पुस्तक लहान आहे, आणि ज्या खटल्याने ते लिहवलं तो याच सुरतेतला आहे.